खुंट्याला बांधलेला दोर

त्या दिवशी सकाळी मी नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, काठावर तेंदूचा खुंटा ठोकला. दोन हात आत गेला. हलवून पाहिला, हलला नाही. मला वाटलं, काम झालं.

चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी धानासाठी सुटलं की आमच्या गावाजवळ ते नहरातल्या एका पायरीवरून पुरुषभर खाली पडतं. पडलं की उलटून उभं राहतं आणि एकाच जागी उसळत राहतं. त्या लाटेला आमची पोरं घोडा म्हणतात. गावातला खुमेंद्र मंगळुरूकडे समुद्रकाठच्या हॉटेलात कामाला होता. तिथे लोक फळीवर उभे राहून लाटेवर चालतात, ते तो शिकून आला आणि मला फळी मागू लागला. मी शेतकरी, पण लाकूड तासायचा बसुला चालवता येतो. सावरीचं लाकूड हलकं असतं, त्याच्या फळ्या केल्या. माझी मुलगी चेतना त्यांच्यावर तेलरंगाने चौक काढते, दिवाळीला अंगणात काढतो तसे. आता गावात बारा-पंधरा जण घोड्यावर चढतात. चेतना सगळ्यांच्या पुढे.

चढायला दोर लागतो. दोराच्या टोकाला लाकडी मूठ असते. फळीवरच्याने मूठ धरायची, तोल साधला की सोडायची. सोडली की काठावरच्याने लगेच दोर ओढून बाहेर घ्यायचा. हे काम माझी बायको अनुसया करायची. दोरही तिनेच वळला होता, अंबाडीचा. नायलॉन हात कापतो म्हणायची. तीन वर्षं ती काठावरच्या सपाट दगडाला टाच लावून उभी राहिली. होळीच्या आधी तिला कावीळ झाली आणि अठरा दिवसांत ती गेली.

या साली पाणी सुटलं, तर त्या दगडापाशी गवत वाढलेलं. पोरं म्हणाली, काकीजीची जागा आहे, आम्ही नाही उभे राहत. मीही म्हणालो, तिथे कोणी पाय ठेवायचा नाही. म्हणून खुंटा.

दुपारी सगळे जमले. खालच्या गावांना पाणी पोचत नव्हतं म्हणून गेट चार फेरे जास्त उघडलं होतं. घोडा छातीच्या वर उसळत होता.

"आज राहू दे चेतना," खुमेंद्र म्हणाला.

"काऊन? भेव लागून राहिला का तुले?"

"मले नाही. तुह्या बापाले इचार."

चेतना माझ्याकडे वळली. "बाबूजी, दोर तुमी धरा."

"खुंटा आहे."

"खुंटा ओढन काय दोर?"

"ओढाचं काय काम? मूठ सोडली का दोर आपोआप बाजूले जाते."

"माय ओढत होती."

"मायचं नाव नको काढू आता."

खुमेंद्र म्हणाला, "काकाजी, खुंट्याले म्हैस बांधतेत. हे म्हैस आहे काय?"

पोरं हसली. चेतनाने त्याच्या अंगावर चिखल फेकला. मी हसलो नाही. दोराला गाठ मारली, गोठ्यात रोज मारतो तीच.

चेतनाने फळी उचलली. मग मूठ घेऊन पाण्यात उतरली.

पहिल्याच दमात चढली. गुडघे वाकवून, हात पसरून. पोरं ओरडायला लागली. तिने मूठ सोडली. दोर बाजूला गेला नाही. पाणी फिरत होतं, त्यात तो तिच्या पायांभोवती घोटाळत राहिला. मला दिसत होतं. ओढायला कोणी नव्हतं आणि मी खुंट्यापाशी नुसता उभा होतो.

फळी तिरकी झाली आणि ती पडली.

दोर एकदम ताठ झाला. खुंटा करकरला. फळी खाली वाहून गेली, चेतना गेली नाही. एक हात वर आला, मग तोही दिसेना.

"पायाले गुंडाळला दोर!" खुमेंद्र ओरडला. "सोडा काकाजी! ढिला करा!"

मी गाठीला नखं लावली. अंबाडी भिजली की फुगते. ओल्या दोराची गाठ सुटत नाही हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. पावसाळ्यात गुरं आम्ही अंबाडीने बांधत नाही. मला ते आठवलं तेव्हा माझं नख निघालं होतं.

बसुला कमरेलाच होता. हे मी लिहून ठेवतो, कारण कोणाला सांगितलेलं नाही. बसुला कमरेला होता आणि तरी मी गाठच सोडवत बसलो. तो दोर अनुसयाने दोन महिने ओट्यावर बसून वळला होता. तिच्या हातचं घरात दुसरं काय उरलं होतं? मी किती वेळ घालवला माहीत नाही. दहा श्वास असतील.

"तोडा नं काकाजी! मरते ते!"

मी बसुला मारला. पहिला घाव खुंट्यात रुतला. दुसऱ्याने दोर तुटला आणि सापासारखा पाण्यात गेला.

घोड्याच्या मागे काहीच दिसेना. खुमेंद्र काठाने पळत होता, मी त्याच्या मागे. धुण्याच्या पायऱ्यांजवळ पाणी संथ होतं, तिथे ती वर आली, तोंड खाली करून. खुमेंद्रने उडी घेतली, केसांना धरून ओढली. आम्ही तिला पालथी केली. पाणी निघालं. मग खोकली. उजव्या पायाच्या घोट्यावर दोराने कातडी सोलली होती, दोराचा पीळ त्यात स्पष्ट उमटला होता.

डोळे उघडून तिने मला पाहिलं. "दोर कुठी आहे?"

"तोडला."

"बेस केलं," ती म्हणाली आणि पुन्हा खोकली. मग म्हणाली, "लवकर तोडाचा होता."

मी गाठीपायी वेळ घालवला हे तिला कळलं होतं की नाही, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी खुंटा उपटला. त्याला दोराचा हातभर तुकडा गाठीसकट तसाच होता. बाकीचा दोर पोरांनी खालच्या पुलाच्या खांबाला अडकलेला आणून दिला. मी तो वाळवला. नवीन अंबाडी घालून वाढवला. माझा पीळ सैल पडतो, जोड वेगळा दिसतो.

पाण्याची पाळी संपायला दोन दिवस होते. चेतनाने घोट्याला फडकं बांधलं आणि फळी उचलली. मी दगडापाशी गेलो. गवत उपटलं. टाच लावली. अनुसयाची टाच जिथे बसायची तिथे माझी बसत नाही, माझा पाय मोठा आहे. थोडं तिरकं उभं राहावं लागलं.

"धरला काय?" तिने पाण्यातून विचारलं.

"धरला."

दोर हाताला ओढू लागला. पाणी किती जोर लावतं हे मला तोवर माहीतच नव्हतं. तीन वर्षं अनुसया हे धरून माझ्याशी धानाच्या गोष्टी करायची.

चेतना उभी राहिली. मूठ सोडली.

"ओढा बाबूजी!"

मी ओढला.