यंदा चुना काढला नाही

पुरुषोत्तम दांडेकर वचनं देण्यात अगदी कर्ण! दर दोन महिन्यांनी अमेरिकेतल्या ट्रॉयहून वाईला आईला कॅसेट रेकॉर्ड करून पाठवायचा आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "येत्या दिवाळीला नक्की येतो गं!" अशा नऊ दिवाळ्या गेल्या. कधी ग्रीन कार्ड अडलं, कधी ऑफिसात ले-ऑफची कुजबुज, कधी नव्या घराच्या खरेदीचं क्लोझिंग. कारणं खरी होती हो, पण किती म्हणून खरी असावीत!

पंच्याऐंशीच्या ऑक्टोबरात तो शेजारच्या नोराच्या तळघरात घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसचा फिल्टर बदलायला उतरला. बघतो तर काय, ही ऐंशी वर्षांची बाई स्टुलावर चढून भिंतीला चुना काढतेय!

"उतर आधी! पडलीस म्हणजे?" म्हणत त्यानं ब्रश काढून घेतला आणि बादलीत बुडवला. भिजलेल्या चुन्याचा वास नाकात शिरला नि त्याचा हात थबकला. हाच तो वास! दिवाळीआधीचं घर, अंगणात काढलेले डबे, पदर खोचून भिंतींशी झगडणारी आई, आणि "टेकू नकोस रे मेल्या, ओलं आहे!" त्याला एकदम घरची फार आठवण आली.

"दर वर्षी कशाला हा उपद्व्याप?" त्यानं विचारलं.

"आजोबांची पद्धत," नोरा म्हणाली आणि स्टुलावर बसून सांगत सुटली.

आजोबा मायकल, आयर्लंडचे. दुष्काळात एक मेंढी चोरली म्हणून सात वर्षांची शिक्षा झाली, आणि जहाजात घालून थेट टास्मानियाला पाठवलं. म्हणजे आपलं काळं पाणीच की, पुरुषोत्तमच्या मनात आलं. सात वर्षं दगड फोडले. शिक्षा संपली तेव्हा साहेब म्हणाला, जा, तू मोकळा! पण घरी परतायचं तिकीट कोण देणार? देवमासे मारणाऱ्या जहाजावर राबत मायकल कसाबसा अमेरिकेत उतरला आणि डेट्रॉइटला हमाली करू लागला. लिहिता येत नव्हतं, म्हणून चर्चमधल्या फादरकडून आईला पत्र धाडायचा: "येत्या वसंतात येतो." गावच्या फादरचं उत्तर यायचं: "तुझ्या आईनं घराला चुना काढलाय. पोराला लांबून घर ओळखू यायला हवं, म्हणते."

"मग गेला का तो घरी?" पुरुषोत्तमनं विचारलं.

"आधी पैसे नव्हते. मग लग्न झालं, मुलं झाली. अकरा वर्षं तेच पत्र गेलं आणि तेच उत्तर आलं. बाराव्या वर्षी फादरनं लिहिलं, 'यंदा तिनं चुना काढला नाही. राहू दे, म्हणाली.' त्यानंतरचं पत्र ती गेल्याचं होतं. तेव्हापासून आजोबा जिथे राहिले तिथे दर वर्षी चुना काढत. कुणासाठी, ते आम्ही कधी विचारलं नाही."

शनिवारी वाईची कॅसेट आली. धाकट्या बहिणीचा, प्रतिमाचा आवाज. भाचीची शाळा, आंब्याला आलेली कीड, आणि जाता जाता: "आणि हो दादा, आईनं यंदा तुझ्या खोलीला चुना काढला नाही. म्हणाली, राहू दे."

पुरुषोत्तमनं कॅसेट मागे फिरवून तेच वाक्य पुन्हा ऐकलं. नऊ वर्षं ती त्याच्यासाठी चुना काढत होती, आणि या शहाण्याला ते आज कळत होतं!

"शैला, तिकीट बुक कर!" तो बायकोवर ओरडलाच.

"अरे पण तुझं प्रोजेक्ट? रजा अप्रूव्ह नाही झाली तर?"

"नोकरी गेली खड्ड्यात!"

पुढच्या शनिवारी सकाळी, तिकीट मुठीत धरून, त्यानं वाईला शेजारच्या मृणालिनीकाकूंकडे फोन लावला. त्यांनी हाक मारून आईला आणि प्रतिमाला बोलावलं.

"आई, मी दिवाळीला येतोय."

"बरं," आई म्हणाली.

नुसतं बरं! तिनं विश्वास ठेवलाच नव्हता.

"अगं, तिकीट काढलंय! सहा नोव्हेंबरचं. हातात आहे माझ्या, आई!"

पलीकडे खरखर झाली. मग आईचा रडका, घाईचा आवाज आला, पण तो त्याच्यासाठी नव्हता.

"प्रतिमा, अगं उभी काय राहिलीस! धाव, वाण्याकडून चुना आण. आजच भिजत घालायला हवा."