काचेच्या कौलाखालचं गवत

खाडीतलं गवत आमच्या माजघरात राहायला आलं, ते उन्हाळ्यात. दारातून आलं नाही. सकाळी माझी बायको सुगंधा केर काढायला गेली, तर काचेच्या कौलाखाली उन्हाचा चौकोन पडतो तिथे ते उभं होतं. बोटभर उंच, हिरवंगार, आणि वारा नसताना डुलत होतं. तिने झाडू परत कोपऱ्यात ठेवला. मला म्हणाली, येणारच होतं, खाडीत उजेड राहिलाय कुठे?

ते खरंच होतं. हॉटेलं झाल्यापासून त्यांचं सांडपाणी खाडीत येतं, पलीकडे ड्रेजर वाळू उपसतो, आणि पाणी बाराही महिने चहासारखं दिसतं. आमच्या घरात निदान एक कौल काचेचं आहे.

मी होडीवाला. पर्यटकांना खाडीच्या तोंडाशी नेतो, तिथे ते तोंडात नळी धरून मासे बघतात. आमच्याकडे सगळेच नांगर गवतात टाकतात. खडपात, खडकांच्या फटीत, तो अडकून बसतो, वाळूत घसरतो. गवतात पहिल्या झटक्याला बसतो आणि निघताना ओढला की मुळांसकट सुटून येतो. खाली काय आहे, असं कोणी ना कोणी विचारतंच. मी सांगतो, "काही नाही, नुसतं गवत आहे."

भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, तसं ते पसरत गेलं. पाठोपाठ पाणी आलं. पण उंबऱ्याबाहेर गेलं नाही. चूल विझली नाही, भात तेवढा खारट व्हायला लागला. शेजारी बघून गेले. त्यांच्या घरात यायला लागलं तर काय, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

मग आमची मुलगी प्राची एका दुपारी त्या गवतात आडवी झाली ती उठलीच नाही. मी तिला उचलायला वाकलो, तेव्हा सुगंधाने माझा हात धरला.

"तिका हलवू नकात. तिना मूळ धरल्यान हा."

मी बघितलं. टाचांपासून बारीक पांढरी मुळं जमिनीत गेली होती. पाणी तिच्या डोक्यावरून गेलं तरी तिला काही झालं नाही. केस गवताबरोबर डुलायचे, कोळंबीची पिल्लं तिच्या फ्रॉकच्या खिशात शिरायची. शाळेत काय चाललंय ते ती रोज विचारायची. आम्हाला ठाऊक असेल ते सांगायचो.

एकदा मी संध्याकाळी धंद्यावरून आलो, तर तिच्या कानाशेजारचं गवत उपटलेलं होतं. सुपाएवढा खड्डा, मुळं वर आलेली.

"बाबा, तुमचो नांगर आज हंय पडललो," ती म्हणाली.

मला भीती वाटली. साधी, बापाला वाटते तशी. दुसऱ्या दिवशी मी नांगर वाळूत टाकला, घरी तिच्या गुडघ्याजवळ खड्डा. खडपात टाकला. वर ओढला तेव्हा आकड्यात तिची रिबीन होती.

मी धंदा सोडला. कंबर धरली म्हणून सगळ्यांना सांगितलं, होडी माडाला बांधली, नांगर पडवीत खुंटीला टांगला. त्याच्या कडीला सुगंधाने नारळी पुनवेला बांधलेली लाल साडीची किनार अजून होती. मग मी प्राचीजवळ जाऊन बसलो. पाणी गळ्याशी आलं, मग डोक्यावरून गेलं. माणसाला कशाचीही सवय होते. सुगंधा पाण्याखालीच तांदूळ निवडायची. खड्डे हळूहळू भरू लागले, आणि मला वाटलं, सुटलो.

एका दुपारी प्राचीच्या तोंडावरचा उन्हाचा चौकोन काळा झाला. मी वर बघितलं. काचेच्या कौलावर एक होडी येऊन थांबली होती. तिच्या बुडाला डांबराचं ठिगळ होतं. ते मीच लावलं होतं.

वर कोणीतरी विचारलं, खाली काय आहे? होडीतूनच उत्तर आलं,

"काही नाही, नुसतं गवत आहे."

सुगंधाच्या हातातलं सूप थांबलं. "कोण आसा ता?"

"मीच," मी म्हणालो.

पडवीतली खुंटी रिकामी होती. वरून नांगर सुटला. काच फुटली नाही, तो तिच्यातून तसाच आत आला, आणि त्याच्यामागे लाल किनार सावकाश उलगडत होती. प्राचीने डोळे मिटून घेतले. मी तिच्यावर आडवा झालो आणि होता नव्हता तेवढा जोर लावून वर ओरडलो. तोंडातून नुसते बुडबुडे निघाले.

वर एक बाई म्हणाली, अय्या, बुडबुडे बघा किती. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आणि वर होडीत मी, रोजच्यासारखा, दोर आणखी सैल सोडला.