धुणंघराचे दगड

अनुदानाच्या बाई पाहणीला आल्या, तेव्हा इस्त्रीवाल्या मावशीने दारातच सांगितलं, "जपून हं, फरशी ओली आहे." सकाळपासून तिने ती दोनदा पुसली होती.

जुनं सार्वजनिक धुणंघर पाडून तिथे गाड्या लावायला जागा करायचं नगरपालिकेत घाटत होतं. गल्लीने मंडळ काढून ते कसंबसं अडवून धरलेलं. जुन्या वास्तू जपायची सरकारी योजना अशी, की मंडळ जेवढं घालेल तेवढंच सरकार घालणार. पैसे नसतील तर अंगमेहनतही धरणार. मंडळाकडे पैशांचा ठणठणाट, हात मात्र भरपूर. छप्पर झालं, पन्हळी झाल्या, तरी मंडळाचा वाटा भरेना आणि करायला काम उरेना.

तेव्हा मावशीलाच सुचलं. "धुण्याचे दगड घासू या की. काय खड्डे पडलेत! पाहुणे यायचे म्हणजे घर आवरायला नको?"

गवंड्याने घासायचं यंत्र आणलं. सगळी गल्ली धुळीने पांढरी झाली. खिडकीजवळच्या दगडावर मावशीच्या आईने जन्मभर लोकांचं धुणं धुतलं होतं. त्याला मावशीने कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः घासून बाकीच्यांइतकाच आरशासारखा केला.

बाई एकेका दगडावरून हात फिरवत गेल्या. मग त्यांनी पिशवीतून जुना फोटो काढला.

"यातले खळगे कुठे गेले?"

"काढले," मावशी म्हणाली.

"सगळे?"

"एक सापडला तर सांगा!" मंडळाचे अध्यक्ष मास्तर छाती फुगवून म्हणाले.

बाईंनी फोटो त्यांच्यापुढे धरला. "अहो, बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या कपडे घासून पडलेले खळगे होते ते. त्यांच्यासाठी तर ही जागा जपायची होती."

"मग आमची मेहनत?" गवंड्याने विचारलं.

"ती धरता नाही येणार. आणि आता अनुदानही नाही."

त्या गेल्यावर जुंपली.

"मास्तर, नियम तुम्ही वाचले होते ना?"

"वाचले. दगड घासू नका असं कुठेही नव्हतं."

"धुणंघर पेटवू नका असंही नसेल!"

मावशी भांडली नाही. तिला सगळं भिंतीपलीकडून आल्यासारखं ऐकू येत होतं. घरी येऊन तिने इस्त्री तापत ठेवली.

"अगं, रड तरी," जाऊबाई म्हणाल्या. "नाहीतर त्या मास्तरांना चार शिव्या घाल. बरं वाटेल."

"शर्ट राहिलेत सकाळचे."

"हात तरी बघ तुझे. सोलवटलेत."

मावशीने बघितले. खरंच सोलवटले होते. दुखत नव्हते.

पुढे नगरपालिकेची माणसं आली. छप्पर उतरलं, भिंती गेल्या. धुण्याचे दगड काढून रस्त्याच्या कडेला रचून ठेवले. मावशी कपड्यांचं गाठोडं घेऊन तिथून चालली होती, तेवढ्यात मुकादमाने हाक मारली.

"मावशी, तुमची आई इथेच धूत होती म्हणे? घेऊन जा तिचा दगड. गाडीवर टाकून पोचवतो. कुणी काही म्हणणार नाही."

मावशीने गाठोडं खाली ठेवलं. ती थप्पीभोवती फिरली. एकावर हात ठेवला, मग शेजारच्यावर, मग खालच्यावर. सगळे सारखेच गुळगुळीत, सारखेच गार.

"कुठला?" मुकादमाने विचारलं. "लवकर सांगा, पोरं खोळंबलीत."

"द्या कुठलाही," मावशी म्हणाली, आणि गाठोडं उचलून चालू लागली.