मावशींच्या पायाखालचा ब्रेक

मित्रांनो, मी एक जुना ब्रेक आहे. "ब्रेक तर प्रत्येकच गाडीला असतो, त्यात काय एवढे?" असे म्हणून पान उलटू नका. गाडी चालवणाऱ्याच्या पायाखाली असतो तो ब्रेक मी नव्हे. मी त्याच्या शेजारी बसणाऱ्याच्या पायाखालचा. असा जास्तीचा ब्रेक फक्त गाडी शिकवणाऱ्यांच्या गाडीत असतो. तो खाली अंधारात, रबरी मॅटच्या वर लटकत असल्यामुळे सहसा कुणाच्या नजरेत भरत नाही. गाडीत होतो तोवर मी ना रस्ता पाहिला, ना कुणाचा चेहरा नीट पाहिला. मी पाहिले ते पाय. पण पाय काय कमी बोलतात?

कारखान्यातून गाडी आली तेव्हा मी तिच्यात नव्हतो. एका गॅरेजवाल्या मिस्त्रीने जाड लोखंडी पट्टी कापली, वाकवली आणि वेल्डिंग करून मला घडवले. माझ्या तळव्यावर त्याने जुन्या टायरचा तुकडा बसवला आणि एका सळईने मला खऱ्या ब्रेकशी जोडून टाकले. मग आपल्या भावाला गाडी पळवायला सांगून तो स्वतः शेजारी बसला. गाडीने वेग घेतला आणि मिस्त्रीने मला दाबले.

गाडी जागच्या जागी थांबली! मित्रांनो, तो क्षण मी अजून विसरलेलो नाही. तळहाताएवढा लोखंडाचा तुकडा मी, आणि मी जरासा झुकताच ते एवढे धूड, त्याचा सगळा वेग, आत बसलेली दोन माणसे, सारे काही थांबले होते. मूर्ती लहान पण कीर्ती महान म्हणतात ते माझ्याचसाठी, असे मला वाटून गेले. मिस्त्री मात्र हात पुसत एवढेच म्हणाला, "मस्त लागतोय ब्रेक. आता देव करो, आणि कमीत कमी लागो." हे बोलणे मला मुळीच रुचले नाही. न लागणाऱ्या ब्रेकला कोण विचारणार?

ही गाडी ज्यांची होती, त्या बाईंना शिकायला येणारे सगळे मावशी म्हणत. मावशींच्या चपला सपाट आणि झिजलेल्या होत्या. त्यांचा उजवा पाय दिवसभर माझ्यावर बोटभर अंतर राखून असे. टेकलेला नाही आणि दूर गेलेलाही नाही. पोळपाटावर आईचे हात आणि कान मात्र पाळण्याकडे, तसा तो पाय होता.

मावशींच्या शिकवण्याच्या दोन रीती होत्या. पहिली म्हणजे 'बोलत चालव'. शिकणाऱ्याने समोर जे दिसेल ते मोठ्याने बोलायचे. "समोर सायकल आहे, डावीकडून रिक्षा येतेय, म्हातारबाबा रस्ता ओलांडायच्या विचारात आहेत." मावशी म्हणत, "डोळ्यांना दिसलेलं तोंडातून बाहेर आलं, की ते डोक्यापर्यंत पोचलं असं मी समजते." मी रस्ता कधी पाहिला नाही, पण या बोलण्यामुळे मला तो पाठ झाला.

दुसरी रीत होती मांडी. शिकणारा तयार झाला अशी मावशींची खात्री पटली, की त्या चपला काढत आणि सीटवर चक्क मांडी घालून बसत. तोंडाने काही सांगत नसत. पण त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता: आता या बाजूला पाय नाही, गाडी तुझी आणि माझा जीवही तुझ्या हाती. परवाना पुढे सरकारी कचेरीत मिळे, पण खरी परीक्षा ही मांडीच. "मावशींनी मांडी घातली का?" असेच लोक एकमेकांना विचारत.

किती तरी पाय मी पाहिले. पहिल्या दिवशी थरथरणारे, उगाचच फुशारकीने ठोके देणारे. एक बाई उंच टाचांचे बूट घालून आल्या, तेव्हा मावशींनी ते काढायला लावले आणि त्या म्हणाल्या, "लग्नाला जाताना घाला, रस्त्यावर नको." आणि माझा भाव काय सांगू! जीव मुठीत धरून बसलेल्या माणसांना मी कितीदा तरी वाचवले. एकाने तर घाम पुसत खाली वाकून मला हात जोडले. मी चांगलाच शेफारलो. मावशी मात्र माझे कौतुक करत नसत. मला दाबावे लागले, की त्या दिवसभर गप्प असत.

मग आली बेकरीवाल्याची लेक. नुकतीच अठरा पूर्ण झालेली, पायात निळे कॅनव्हासचे बूट आणि त्यांच्या शिवणीत मैदा. तिचे बाबा वर्षानुवर्षे पहाटे व्हॅन घेऊन निघत आणि इस्पितळात, वसतिगृहांत ताजे पाव पोचवत. त्यांच्या डोळ्यांना समोरचे दिसे, पण दोन्ही कडांचे दिसेनासे झाले होते. डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायला बंदी केली. नेमलेला ड्रायव्हर आज आला तर उद्या नाही. व्हॅन उभी राहिली असती, तर भट्टीही थंड पडली असती. घरात गाडी चालवू शकेल अशी ही एकटीच होती.

आणि पोरगी होती भारी हुशार! क्लच असा सोडायची, की गाडीला कळायचेही नाही. वळण, चढ, मागे घेणे, सगळे चार दिवसांत तिच्या हातात बसले. पण तिच्या पायाचे गुपित मला माहीत होते. चौक आला, कुणी आडवे आले, की तिचा पाय आधी वेगाच्या पेडलवरच राही. माझ्यावर मावशींचा पाय पडला, की मग तिचा पाय हले. मी आहे हे तिला पक्के ठाऊक होते. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणे म्हणतात ते हे.

"गाडी कुणी थांबवली?" एकदा मावशींनी विचारले.

"थांबली ना पण?" ती हसून म्हणाली.

"मी विचारलं, कुणी."

त्याच आठवड्यात एका शिंपीकाकांसाठी मावशींनी मांडी घातली. काकांची गाडी गोगलगायीसारखी चाले आणि चढावर दोनदा बंद पडे. हे कळताच पोरीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"मावशी, त्यांच्यापेक्षा मी कितीतरी चांगली चालवते!"

"चालवतेस तू चांगली," मावशी म्हणाल्या. "थांबवतात ते चांगली."

"माझ्याकडे वेळ नाही हो. बाबांची गिऱ्हाइकं तुटतायत!"

"मग उद्या बाबांनाच घेऊन ये. मागे बसू देत."

दुसऱ्या दिवशी बाबा मागच्या सीटवर बसले. वडिलांना दाखवायचे म्हणून पोरीने त्या दिवशी गाडी जास्तच सफाईने पळवली. बाजाराच्या चौकात समोरून हातगाडी आली. तिचा पाय वेगावर, मावशींचा माझ्यावर! मी खाडकन झुकलो, टायर किंचाळले आणि हातगाडीवाल्याने ओरडून तिच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. पण त्याच क्षणी मला मागून आणखी एक आवाज आला. धप्. कुणीतरी मागच्या मॅटवर पूर्ण ताकदीने पाय दाबला होता.

मावशींनी गाडी कडेला घ्यायला लावली. मग बाबा हळूच म्हणाले, "मांडीत गोळा आला बघ."

"कशाने हो बाबा?"

"ब्रेक दाबत होतो."

"मागे कुठे आलाय ब्रेक?"

"नाहीये ना," बाबा म्हणाले. "माहीत असूनही पाय दाबतच होता. आणि आपल्या व्हॅनमध्ये तुझ्या शेजारीही नाहीये, पोरी. उद्या तिथे मी बसणार आहे."

मित्रांनो, पोरीचे निळे बूट एकदम स्तब्ध झाले. मला वाटले ती रडेल. पण तिने नाक ओढले आणि ती म्हणाली, "मावशी, पहिल्यापासून शिकवा. फक्त थांबायला."

आणि खरेच, मावशींनी पुढचे सगळे दिवस तिला थांबायलाच शिकवले. चौक दिसायच्या आधी पाय वेगावरून उचलायचा. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायचे. फोन डिकीत टाकायचा, खिशातही नको. आणि एक गोष्ट मावशी रोज सांगत: "उभ्या गाडीच्या खालून बघ. माणूस दिसायच्या आधी त्याचे पाय दिसतात." हे ऐकून मी मनात म्हटले, अरेच्चा, ही तर माझीच विद्या!

मग तो दिवस आला. पोरगी बोलत चालली होती. "डावीकडे दुकानं... सायकलवाला वळतोय, जाऊ दे त्याला... पुढे शाळेची गाडी उभी आहे." तिचा पाय वेगावरून उचलला गेला. "खाली बघते... पाय आहेत. दोन. बारके, पांढरे मोजे."

मावशींचा पाय माझ्यावर आला. मी तयार झालो. पण तो टेकलाच नाही. मला जोडलेली सळई आपोआप सरकली, कारण पलीकडे पोरीने स्वतःचा ब्रेक दाबला होता. लोण्यात सुरी जावी तशी गाडी थांबली. ना धक्का, ना किंचाळी. आणि मग थप थप थप धावत जाणारी इवली पावले ऐकू आली, त्यामागे एका बाईची हाक: "अरे थांब! हात धर म्हटलं ना!"

पोरगी अगदी बारीक आवाजात म्हणाली, "गेला. पोचला पलीकडे."

माझ्यावरचा पाय अजून हवेतच होता. मित्रांनो, मी कितीदा गाडी थांबवली, पण एवढी मोठी गोष्ट मी कधी पाहिली नव्हती. एक पोर रस्ता ओलांडून गेले आणि त्याला कळलेसुद्धा नाही, की काय होता होता राहिले. मला कुणी हात लावला नव्हता, आणि तरीही माझे आयुष्य त्या क्षणी सार्थकी लागले. मिस्त्रीचे बोलणे मला तेव्हा समजले.

थोड्या वेळाने झिजलेल्या चपला मॅटवर पडल्या. मावशींचे पाय वर गेले. पोरीने ते पाहिले असावे, कारण गियर टाकल्यावरही तिने गाडी लगेच सोडली नाही. आधी ती मोठ्याने म्हणाली: "आरशात बघितलं. मागे कुणी नाही. निघते."

पुढे गाडी म्हातारी होऊन भंगारात गेली. मिस्त्रीने मला तेवढे सोडवून घेतले आणि गॅरेजच्या भिंतीला खिळ्यावर अडकवले. माझ्यावर गंज चढलाय, पालींनी संसार मांडलाय, कुणी ढुंकूनही बघत नाही. पण तक्रार नाही, कारण इथून मला आयुष्यात पहिल्यांदा रस्ता दिसतो. केवढा आहे तो! एवढ्या गाड्या, एवढी माणसे, आणि प्रत्येक जण कुणा अनोळखी पायाच्या भरवशावर घरी पोचतो. मी पाहतो आणि थक्क होतो.

परवा एक पावाची व्हॅन दारात येऊन हळूच थांबली. निळे बूट उतरले. आता ते बरेच जुने झालेत. मिस्त्री हाक मारणार, तोच तिने ओठांवर बोट ठेवले.

व्हॅनमध्ये शेजारच्या सीटवर तिचे बाबा होते. ज्या माणसाने मागच्या सीटवर नसलेला ब्रेक दाबून पायात गोळे आणले होते, तो चपला काढून, सीटवर मांडी घालून, मान टाकून गाढ झोपला होता.

मित्रांनो, उद्या तुम्हीही मोठे व्हाल, गाडी हातात घ्याल. तुमच्या शेजारी आई बसेल, भाऊ बसेल, एखादा दोस्त बसेल. त्यांच्या पायाखाली मी नसेन. तेव्हा गाडी अशी चालवा, की त्यांना निर्धास्त डोळा लागेल.