निळ्या फ्रॉकची दुमड

शिंप्याने चटईवर बसल्याबसल्याच फ्रॉकची खालची दुमड ब्लेडने उसवायला घेतली. नातीला तो आखूड होत होता, आणि बाईसाहेबांना समुद्रात आज हाच हवा होता. समोरचं पाणी अगदी गरीब. चालायला नुकतीच शिकलेली पोरंसुद्धा आईबापाचं बोट धरून त्यात डुंबत होती.

हा फ्रॉक त्याने मुलीसाठी शिवला होता, खास समुद्रावर घालायला. "हातातलं एवढं झालं की निघू," म्हणता म्हणता लग्नसराई संपली, शाळांचे गणवेश आले, ते उरकले तर पुन्हा लग्नसराई. गिऱ्हाइकांचे कपडे वेळच्या वेळी, घरच्यांना मात्र उद्याचा वायदा. बायकोने भुणभुण करून कान किटवले होते. मग एकाएकी तिने समुद्राचं नाव काढणंच सोडलं. चला, शहाणी झाली, असं वाटून त्याला तेव्हा हायसं वाटलं होतं. आता ती नव्हती. निदान लेकीला दिलेला शब्द तरी राहावा, म्हणून तो आज दुकानाला कुलूप लावून आला होता.

"उशिरा का होईना, तुझ्या फ्रॉकला समुद्र दाखवला की नाही?" त्याने शेजारी बसलेल्या लेकीला विचारलं.

लेक नुसती हसली.

शेवटचा टाका सुटला आणि दुमडीतून त्याच्या मांडीवर चिमूटभर वाळू सांडली. फ्रॉक तर आत्ताच पिशवीतून काढलेला. त्याने मान वर केली.

"आई घेऊन आली होती मला," लेक हळूच म्हणाली. "तुम्ही गणवेशांत बुडालेले होतात. खूप मजा केली आम्ही."

"मग मला बोलला का नाहीत?"

"आई म्हणाली, सांगू नकोस. आपल्याला नेणार म्हणून राबतायत बिचारे, हिरमोड होईल त्यांचा."

इतकी वर्षं तो त्या दोघींसाठी हळहळत होता. समुद्र हुकला होता तो त्याचा एकट्याचाच.

"आजोबा, या ना लवकर!" नात घरच्याच कपड्यांत पाण्यात शिरली होती.

"आलो, हातातलं एवढं झालं की..."

त्याने ब्लेड खाली ठेवलं. लेकीने हात पुढे केला. त्याने फ्रॉक तिच्याकडे दिला आणि विजार वर दुमडायला वाकला. जन्मभर दुमडी घातलेल्या त्या हातांना घडी काही केल्या सरळ घालता येईना.