बोनसच्या पाटल्या

मल्हार सैन्यातून मुदतीआधीच परत आला आणि मला पहिल्यांदा आठवल्या त्या पाटल्या. आईला हे शोभत नाही, पण खरं तेच आहे.

चार वर्षांचा करार करून तो जर्मन सैन्यात गेला, तेव्हा सरकारनं त्याला बोनस दिला होता. पोराची पहिली कमाई! मी ती देवापुढे ठेवली आणि सुट्टीत पुण्याला गेल्यावर तिच्या पाटल्या घडवल्या, होणाऱ्या सुनेसाठी. आणि आता अफगाणिस्तानातून येऊन हा हॅनोव्हरच्या घरात बॅग टाकून म्हणतो, "आई, इश बिन राउस." म्हणजे सुटलो.

"मुदत संपायच्या आधी? का?"

"इस्ट एगाल." म्हणजे जाऊ दे. जाऊ दे काय, डोंबल!

माझे यजमान भास्कर इथे इंजिनिअर. जर्मनीत वीस वर्षं काढली, पण अक्कल अजून पुण्याच्या कंपन्यांचीच चालते. "बाँड मोडला की पैसे भरायचे," ते म्हणाले. "मी पहिली नोकरी सोडली, तेव्हा बाबांनी स्कूटर विकून भरले होते."

"तुम्हाला काही भरायचं नाहीये," मल्हार जर्मनमध्ये म्हणाला आणि खोलीत गेला.

माझा नुसता गोंधळ. यानं स्वतःहून सोडलं की याला हाकललं? काही भानगड तर केली नाही ना? विचारावं तर गुळणी धरून बसायचा. जेवताना मुद्दाम खुर्ची बदलून डावा खांदा भिंतीला लावून बसायचा. टीव्हीचा आवाज मोठा. स्वयंपाकघरातून हाका मारून माझा घसा बसला, पण ओ म्हणून नाही. "किती हाका मारायच्या? बहिरा झालास का रे?" मी करवादायचे. वाईट वाटायचं, आणि रागही यायचा.

शेवटी ह्यांनी ठरवलं, सैन्याच्या ऑफिसात जाऊन काय ते मिटवून टाकायचं. "अहो, पाटल्या मोडायच्या?" मी विचारलं. "मोडायच्या. सरकारचं फुकटचं आपल्याला पचायचं नाही." मी डबी पर्समध्ये टाकली. मल्हार नाइलाजानं बरोबर आला.

तिथल्या बाईंना ह्यांनी विचारलं, बोनस हप्त्यांनी परत केला तर चालेल का? बाईंनी आधी मल्हारकडे पाहिलं. त्यानं खांदे उडवले.

"जो स्वतःहून सोडतो, त्याच्याकडून आम्ही परत मागतो," त्या सावकाश म्हणाल्या. "नोकरीत इजा झाली म्हणून ज्याला आम्हीच सोडतो, त्याच्याकडून नाही. तुमच्या मुलाकडून आम्हाला काही नको."

"गेनाऊ! डांके, डांके!" हो हो म्हणत आभार मानताना ह्यांचा चेहरा उजळला. "बघ, वाचल्या तुझ्या पाटल्या."

मला मात्र आनंद होईना. इजा? हात आहेत, पाय आहेत, चालतो, जेवतो. कसली इजा?

"मल्हार," मी म्हणाले. तो माझ्या उजवीकडे, खेटून उभा होता. त्यानं मानही वळवली नाही. "मल्हार, कसली इजा रे?" तो बाईंच्या टेबलावरच्या कुंडीकडे पाहत राहिला.

त्याच्या मागून फिरून मी त्याच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि हळूच म्हणाले, "बाळा."

"काय, आई?"

घरी आल्यापासून पहिल्यांदाच त्यानं माझ्या हाकेला ओ दिली, या बाजूच्या कानानं.