पेशींचे लाड

वडिलांच्या ऑपरेशनसाठी ती चार दिवस सुट्टीवर गेली, तेव्हा पेशींची प्लेट तिने ताईंच्या हवाली केली. ताई म्हणजे प्रयोगशाळेतल्या सगळ्यांत जुन्या तंत्रज्ञ. तिला पिपेट धरायला त्यांनीच शिकवलं होतं, आणि सहा महिन्यांनी त्या निवृत्त होणार होत्या. अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशीची कर्करोगाच्या पेशीशी गाठ मारून द्यायची, म्हणजे जोडी मरत नाही आणि अँटीबॉडी देत राहते, एवढंच हे काम. एवढ्याशा कामात तिची तीन वर्षं गेली होती. निरनिराळ्या प्लेटमधल्या हजारभर खळग्यांपैकी एकाच खळग्यात हवी ती अँटीबॉडी सापडली होती, आणि तिची पीएचडी त्या एका खळग्यावर उभी होती.

ती परतली तेव्हा तिचे मार्गदर्शक सर प्लेट हातात घेऊन ब्लीचच्या बादलीपाशी उभे होते.

"तपासणीत अँटीबॉडीचा रंगच आला नाही," सर म्हणाले. "या पेशींनी काम सोडलंय. फुकट जागा अडवतायत."

"आणि मी काय कमी केलं हो?" ताई म्हणाल्या. "रोज सकाळी जुनं मीडियम काढून ताजं घातलं. आजही घातलं, मगच नमुना दिला."

तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अँटीबॉडी साठते ती त्या जुन्या मीडियममध्येच, ज्या पोषक द्रवात पेशी वाढतात त्यात. ताईंनी चार दिवस ती मोठ्या मायेने ओतून दिली होती आणि तपासणीला कोरं मीडियम पाठवलं होतं. जन्मभर त्यांनी साध्या पेशी वाढवल्या, ज्यांच्याकडून कुणाला काहीच नको असायचं.

खरं बोलावं तर सरांसमोर ताईंची शोभा, गप्प बसावं तर तीन वर्षं बादलीत. तिला रडू फुटायचंच बाकी होतं.

"चूक माझी आहे, सर. नमुना कधी घ्यायचा ते मी सांगितलंच नाही. दोन दिवस द्या. तोवर प्लेटला कुणी हात लावू नका."

"तुझं हे नेहमीचंच," सर करवादले, पण प्लेट परत मिळाली.

तिसऱ्या दिवशी तपासणीत असा गडद पिवळा रंग उमटला की तिचे डोळेच भरून आले. सरही धावत आले.

"याला म्हणतात हात!" ते ताईंना म्हणाले. "तुम्ही चार दिवस लाड केलेत, म्हणून पेशी वळणावर आल्या. आजपासून ही प्लेट तुमच्याच ताब्यात." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "तू जरा शीक यांच्याकडून."

ताईंनी डोळे पुसले, हातमोजे चढवले आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"काळजी करू नकोस गं. आता मी मीडियम दिवसातून दोनदा बदलीन."